गोळी घेऊन टॉवर उभा राहणार आहे का?

सप्रेम नमस्कार,

आमची मूळ खोली लालबागच्या चाळीत. पुनर्विकासासाठी सहा वर्षांपूर्वी चाळ रिकामी केली. तीन वर्षांत टॉवरमध्ये घर, असं करारात लिहिलं होतं. आम्ही नालासोपाऱ्याला भाड्याने आलो. सुरुवातीला बिल्डरचं भाडं वेळेवर यायचं, गेली दोन वर्षं एक पैसा आलेला नाही. जागेवर नुसता खड्डा आहे. माझे मिस्टर (वय ४९) प्रभादेवीला एका कंपनीत स्टोअर सांभाळतात. पहाटे साडेचारला उठतात, रात्री साडेनऊला घरी येतात. वर्षभर धड झोप नाही, छातीत धडधडतं, पित्त उसळतं. ईसीजी, टू-डी इको सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. हे म्हणतात, "गोळी घेऊन टॉवर उभा राहणार आहे का?" धाकटे दीर म्हणतात, "बासष्ट बिऱ्हाडं हेच भोगतायत, त्यांना नाही काही झालं. दादाच मनाने कच्चा." चाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री बारापर्यंत मेसेज चालू असतात, हे वाचत बसतात. परवा जेवताना सहज म्हणाले, "मी नसलो तर विम्याचे पैसे तरी येतील, तुमचं भाडं सुटेल." मुलगा बारावीला आहे, सासूबाई शहात्तर वर्षांच्या. हा आजार आहे की परिस्थिती? मी नेमकं काय करू?

एक वाचक, नालासोपारा (पत्र संक्षिप्त करून छापलं आहे)

ताई, नमस्कार.

"परवा जेवताना सहज म्हणाले" असं लिहून तुम्ही पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. विम्याच्या पैशांची गोष्ट कुणी सहज करत नाही. आपण नसलेलं घर माणूस मनातल्या मनात मांडून बघायला लागला की असं बोलतो, आणि पुष्कळदा ते असंच, भाताचा घास तोंडात असताना, चेष्टेच्या सुरात बाहेर पडतं. म्हणून टॉवर, बिल्डर, दीर हे सगळं बाजूला ठेवून आधी एक करा. आज त्यांना सरळ विचारा: "तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" एका खोलीत सासूबाई आणि मुलासमोर हे बोलता येणार नाही, मला कल्पना आहे. स्टेशनवर घ्यायला जा आणि चालत घरी येताना विचारा. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात घुसतो, ही आपल्याकडची पक्की समजूत, पण ती चुकीची आहे. उलट विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं, कारण तोवर ते एकट्यानेच ओढत असतात.

"हो" म्हणाले, किंवा उत्तर टाळून रस्ता ओलांडायला लागले, तर वाट बघू नका. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. केंद्र सरकारने ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ते बोलायला तयार नसतील तर तुम्ही स्वतः फोन करा, घरच्यांनी केला तरी चालतो. त्यांना एकटं सोडू नका, आणि प्रसंग तसाच वाटला तर थेट जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. पोलिसांच्या भानगडीच्या धास्तीने पुष्कळ घरं गप्प बसतात, म्हणून हेही सांगते: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं. त्याला शिक्षा करायची नसते, उपचार देणं सरकारचं काम असतं.

आता तुमचा प्रश्न. आजार की परिस्थिती?

दोन्ही. आणि हे दोघांचं मन राखायला म्हणत नाही. पावसाळ्यात पिण्याच्या पाइपात गटाराचं पाणी शिरलं की चाळीत कावीळ पसरते. कुणाला आधी होते, कुणाला नंतर, काहींना होतही नाही. म्हणून ज्याला झाली तो लिव्हरने कच्चा, असं कुणी म्हणत नाही. आपण त्याला दवाखान्यात नेतो आणि त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसला फोन करून पाइप दुरुस्त करायला लावतो. पाइप दुरुस्त होईपर्यंत औषध नको, किंवा औषध चालू आहे तर पाइप राहू दे, ही दोन्ही बोलणी आपल्याला वेडेपणाची वाटतील. मनाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं हेच करतो. तुमचे मिस्टर पहिलं बोलतायत, तुमचे दीर दुसरं.

दिरांच्या वाक्याचं जरा सविस्तर बघू, कारण ते एकटे नाहीत, अर्धी मुंबई असंच बोलते. "बाकीच्यांना नाही काही झालं." पण झालेलं नाही, हे ठरवलं कुणी? पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय की दुसऱ्या माळ्यावरच्या काकांची दारू वाढली, एका मुलीचं लग्न घराच्या घोळात मोडलं, दोन बिऱ्हाडं कंटाळून सिंधुदुर्गात कायमची निघून गेली, आणि तळमजल्यावरच्या आजी "हाय खाऊन गेल्या." ही सगळी त्या बासष्टांतलीच ना? एकाच्या छातीत धडधडतं, दुसरा बाटली उघडतो, तिसरा बायकोवर हात उगारतो, चौथ्याची शुगर आटोक्यात येत नाही. या सगळ्यांच्या केसपेपरवर वेगवेगळं लिहिलं जातं, म्हणून कुणाला बेरीज दिसत नाही.

जेफ्री रोज नावाच्या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने १९८५ साली एक साधी गोष्ट मांडली होती. हाच माणूस का आजारी पडला, हा एक प्रश्न. या वस्तीत आजाराचं प्रमाण एवढं का, हा वेगळा प्रश्न. दोन्हींची उत्तरं वेगळी असतात. पहिल्याचं उत्तर तुमच्या मिस्टरांच्या स्वभावात, अनुवंशात, लहानपणात, कशातही असू शकेल. ते थोरले आहेत, करारावर सही करायला आईला त्यांनीच राजी केलं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे भाडं बुडाल्याचं दुःख आहेच, वर अपराधीपणाही आहे, जो दिरांना नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांच्या डोक्यात शोधून सापडणार नाही. ते त्या खड्ड्यात आहे, थकलेल्या भाड्यात आहे, साडेचारच्या गजरात आहे.

तुम्ही लालबागच्या, त्यामुळे हे तुम्हाला नवीन नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. त्यानंतर गिरणगावातल्या घरांत जे झालं ते तुमच्या सासूबाईंनी डोळ्यांनी बघितलं असेल: दिवसभर गॅलरीत बसून राहिलेले बाप, गुत्त्यावरची गर्दी, शाळा सुटलेली पोरं, खानावळ चालवून घर ओढणाऱ्या बायका. त्याला तेव्हा कुणी डिप्रेशन म्हटलं नाही. "संपात वाट लागली" एवढंच म्हणायचे.

योगायोग असा की बेकारीचा मनावर काय परिणाम होतो याचा जगातला एक पहिला मोठा अभ्यास कापडगिरणीच्या गावातच झालेला आहे. व्हिएन्नाजवळच्या मारियेनथालमधली गिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बसून राहिलं. मारी याहोडा ही समाजमानसशास्त्रज्ञ आणि तिचे सहकारी तिथे गेले. प्रश्नावल्या भरून घेण्याबरोबरच त्यांनी चक्क घड्याळ लावून लोकांच्या चालण्याचा वेग मोजला. पुरुष रेंगाळत चालत, मध्येच उभे राहत. बायका भराभर चालत, कारण चूल आणि मुलं काही बंद पडलेली नव्हती. हाताशी वेळच वेळ असताना वाचनालयातून पुस्तकं नेणंसुद्धा कमी झालं होतं. तुमच्या मिस्टरांना नोकरी आहे, उलट वेळ अपुराच पडतो. पण घराच्या बाबतीत ते त्या गावातल्या पुरुषांसारखेच अडकलेत. करण्यासारखं काही नाही, नुसती वाट बघायची. हा मुद्दा मला पुढे लागणार आहे.

"होईल की नाही होईल" हे टांगलेपण शरीराला किती महाग पडतं, यावरचा एक प्रयोग सांगते. २०१६ साली लंडनमधल्या संशोधकांनी काही लोकांना संगणकावर खेळ दिला: दगड उचला, खाली साप निघाला की हाताला विजेचा झटका. लोकांचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना ताण कमी होता. सगळ्यात जास्त ताण कधी, तर शक्यता पन्नास-पन्नास टक्के असताना. तुमच्या ग्रुपवर रात्री अकराला येणारा "ऐकलंय की सोमवारी साहेबांकडे मीटिंग आहे" हा मेसेज म्हणजे असाच एक दगड. बिल्डर पळून गेला, आता काही मिळणार नाही, असं उद्या कळलं तर तुम्ही रडाल, भांडाल, आणि महिनाभरात दुसरं काहीतरी उभं करायला लागाल. इथे तेही करता येत नाही. गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांचा पुनर्विकासाचा करार २००८ सालचा, आणि त्यांची ताटकळ दीड दशकाहून जास्त लांबली. एवढ्या काळात माणसाचं तरुणपण संपतं.

म्हणून काही नियम मला घरबांधणीचे वाटतच नाहीत, मनाच्या आरोग्याचे वाटतात. झोपडपट्टी पुनर्विकासात २०२३ पासून बिल्डरने दोन वर्षांचं भाडं आधीच जमा करायचं, असा नियम आला. ज्या अधिकाऱ्याने तो कागद पुढे सरकवला त्याने न कळत कितीतरी लोकांची झोप वाचवली असेल. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाची पोस्टर लावणाऱ्यांनी "मोकळेपणाने बोला" एवढंच लिहून थांबू नये, भाडं कधी येणार ते कोण सांगणार, हेही विचारावं, असं माझं मत.

हे सगळं वाचून मिस्टर म्हणतील, "बघ, मी म्हणत होतो ना! परिस्थितीच आहे, गोळीचा काय उपयोग." त्यांना माझा निरोप द्या. गोळीने टॉवर उभा राहत नाही, कबूल. पण नैराश्य परिस्थितीतून आलं तरी एकदा आत बसलं की ते स्वतःच्या पायावर चालायला लागतं. उद्या किल्ली हातात पडली म्हणून ते आपोआप जाईलच असं नाही. नव्या घरात, नव्या टाइल्सवर रात्रभर जागी बसलेली माणसं मी पाहिलेली आहेत. शिवाय ज्याला चार रात्री झोप नाही त्याला कराराचं कलम वाचता येत नाही, मीटिंगमध्ये आवाज चढवल्याशिवाय बोलता येत नाही, बिल्डरच्या माणसाने पुढे केलेल्या कागदावर सही करू की नको ते ठरवता येत नाही. भांडायचं आहे म्हणूनच बरं व्हायचं आहे.

उपचाराचं थोडक्यात सांगते. प्रभादेवीहून परळचं केईएम जवळ आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. नायर आणि सायनलाही आहे. ओपीडीचे दिवस केसपेपरच्या खिडकीवर विचारून घ्या आणि पहिल्या खेपेला तुम्ही बरोबर जा. ते एकटे गेले तर "पित्ताचा त्रास" एवढंच सांगून परत येतील. विम्याचं वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. थायरॉइड, बी-१२ तपासून घ्यायला सांगतील, तेही करा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर "काही फरक नाही" म्हणून बंद करायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणून मनानेही बंद करायच्या नाहीत. केमिस्टकडून मिळवलेली झोपेची गोळी मात्र घरात नको. गोळीइतकंच बोलण्याच्या उपचाराचंही महत्त्व आहे, आणि त्याला भारी फी घेणारा तज्ज्ञच लागतो असं नाही. गोव्यात सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना मदत केली, आणि त्याचा फायदा झाल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. त्या बैठकांचा गाभा अगदी घरगुती होता: सुटून गेलेली छोटी छोटी कामं ठरवून परत हातात घ्यायची.

इथे माझा मघाचा मुद्दा येतो. तुमच्या मिस्टरांना घराच्या प्रकरणात एक काम हवं आहे. अध्यक्षपद नको, त्याने माणूस आणखी पिचतो. ते स्टोअर सांभाळतात, म्हणजे नोंदी ठेवणं त्यांच्या हाताला आहे. बासष्ट बिऱ्हाडांची यादी, कुणाचं किती महिन्यांचं भाडं थकलं, कुणाकडे करारनाम्याची कोणती पानं आहेत, बिल्डरने कोणत्या तारखेला काय लेखी दिलं, अशी एक वही किंवा फाइल ते करू शकतील. रहिवासी संघाला ती लागणारच आहे. आणि वाट बघणाऱ्या माणसाच्या हाताला आठवड्यातून एक तास का होईना काम मिळेल.

व्हॉट्सअॅप ग्रुपचं तर तातडीने करा. ग्रुपमधून बाहेर पडा असं मी म्हणणार नाही. बाहेर पडल्यावर माणूस जास्तच अस्वस्थ होतो, आणि खरी बातमी आलीच तर चुकते. संघाच्या सेक्रेटरींना सांगून बघा: अधिकृत बातमी फक्त त्यांनी टाकायची, रविवारी सकाळी, कागदाच्या फोटोसकट. बाकीच्या "ऐकलंय की"साठी हवा तर वेगळा ग्रुप काढा. सगळे ऐकणार नाहीत, पण निम्म्यांनी ऐकलं तरी रात्रीचे मेसेज कमी होतील. घरी रात्री साडेनऊनंतर मिस्टरांचा फोन मुलाच्या नाही, तुमच्या उशाला. बारावीच्या पोराला बापाचा फोन सांभाळायला लावू नका.

आणि महिन्यातून एकदा सगळ्यांनी प्रत्यक्ष भेटा, लालबागमध्येच, एखाद्या मंडळाच्या हॉलमध्ये. फोनवरचे बासष्ट आवाज आणि समोर बसलेली तीस माणसं यांत फार फरक असतो. समोरासमोर कळतं की छातीत धडधडणारे आपण एकटे नाही. बायकांनाही त्या बैठकीत बसवा, चहा करायला नव्हे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, आणि त्याखाली स्त्रियांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. खोली सासूबाईंच्या नावावर असेल तर त्या अर्ज करू शकतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करा. वकिलाने काय होईल याची हमी मी देत नाही, पण "आपल्या हातात काहीच नाही" हे तरी खरं राहणार नाही.

ताई, आता तुमच्याबद्दल. पूर्ण पत्रात तुमच्या झोपेविषयी एक अक्षर नाही. लंडनच्या कॅम्बरवेल भागात ब्राउन आणि हॅरिस या दोघांनी बायकांच्या नैराश्याचा अभ्यास केला होता, तो १९७८ साली प्रसिद्ध झाला. संकट आल्यावर कोणत्या बाया जास्त कोसळतात, तर ज्यांना मनातलं सांगायला जवळचं एकही माणूस नाही, ज्यांना घराबाहेरचं काम नाही, ज्यांच्या पदरात लहान मुलं जास्त आहेत आणि ज्यांची आई लहानपणीच गेली. तुमची बाकी गणितं मला माहीत नाहीत, पण पहिली गोष्ट तुमच्या पत्रातच दिसते. लालबागला समोरच्या खोलीत तुमची मैत्रीण होती, आता ती बदलापूरला आणि तुम्ही नालासोपाऱ्याला. एक मध्य रेल्वेवर, एक पश्चिम. चाळीचे गोडवे मी गाणार नाही. सार्वजनिक संडासाची रांग, पाण्यासाठी पहाटे उठणं, पडदा ओढून बदललेले कपडे, हे ज्या बाईने भोगलंय तिला टॉवरची ओढ लागणारच आणि ती योग्यच आहे. पण त्या गॅलरीत "काय गं, डोळे का सुजलेत?" असं विचारणारं कुणीतरी होतं, आणि ते कोणत्याही करारनाम्यात लिहिलेलं नव्हतं म्हणून त्याची भरपाईही कुणी देत नाही.

यावर आपल्याजवळचाच एक अभ्यास आहे. अहमदाबादला १९८७ साली विडी वळणाऱ्या बायकांसाठी चिठ्ठ्या टाकून घरं दिली होती, वस्तीपेक्षा कितीतरी चांगली, पण शहराच्या मध्यापासून सुमारे १२ किलोमीटर लांब. चौदा वर्षांनी संशोधकांनी बघितलं तर नंबर लागलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश तिथे राहायला गेल्याच नव्हत्या, आणि तेवढ्याच जणी जाऊन परत आल्या होत्या. ज्या जिंकल्या त्यांची कमाई काही वाढली नव्हती, उलट नातेवाइकांशी आणि आपल्या माणसांशी संबंध विरळ झाले होते, अडीनडीला हाक मारायला माणसं कमी उरली होती. अमेरिकेत १९९४ साली पाच शहरांत असाच चिठ्ठ्यांचा प्रयोग झाला. गरीब, हिंसाचाराच्या वस्तीतून चांगल्या वस्तीत जायची संधी मिळालेल्या बायकांचं नैराश्य कमी झालं, मुलींनाही फायदा झाला, पण मुलग्यांच्या बाबतीत उलटंच दिसलं. म्हणजे जागा बदलल्याने मन बदलतं हे खरं, पण नुसत्या चौरस फुटांनी नाही. दिरांच्या "मनाने कच्चा" या शेऱ्यावरही हे उत्तर आहे: चिठ्ठीत नाव निघायला मन पक्कं असावं लागत नाही, तरी निघालेल्यांच्या मनात फरक पडला.

म्हणून एक व्यवहाराचा सल्ला. घराचा भाडेकरार संपत आला असेल तर पुढची जागा फक्त स्वस्त बघून घेऊ नका. चाळीतली तीन-चार बिऱ्हाडं जिथे आहेत तिथे, हजार-पाचशे जास्त गेले तरी, जमतं का बघा. मिस्टरांचा एका बाजूचा प्रवास वीस मिनिटांनी कमी होत असेल तर तेही पैशांत मोजा. साडेचारच्या ऐवजी पाचला उठणं ही चैन नाही, झोपेच्या उपचाराचाच भाग आहे. आणि त्या मैत्रिणीला दर आठवड्याला ठरलेल्या वेळी फोन करा, फॉरवर्ड केलेले मेसेज त्यात धरू नका. दादरला मध्ये भेटता आलं तर उत्तमच.

तुमच्यासारखी किती घरं या अवस्थेत आहेत याचा नेमका आकडा मी देऊ शकले असते तर बरं झालं असतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. पाहणीच्या वेळी प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि महानगरांतलं प्रमाण खेड्यांच्या जवळजवळ दुप्पट होतं. उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के होतं. पण ते बारा राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. एवढ्या मोठ्या पाहणीत मुंबई नसावी, हे मला अजून खटकतं. दक्षिण मुंबईत १३ हजारांच्या आसपास उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती आहेत, त्यांतल्या कितीतरी आज ना उद्या रिकाम्या होणार. त्या प्रत्येक करारात फ्लॅटचं क्षेत्रफळ दशांश चिन्हापर्यंत लिहिलेलं असतं. संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरांत विखुरलेल्या माणसांकडे महिन्यातून एकदा समुपदेशक जाईल, एवढी एक ओळ त्यात घालायला खर्च तो किती येणार? महाराष्ट्रात हे जमत नाही असंही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत "आत्मीयता" नावाच्या उपक्रमात गावातल्याच माणसांना शिकवून शेजाऱ्यापाजाऱ्यांचा ताण ओळखायला, ऐकून घ्यायला आणि गरज पडली तर सरकारी योजना किंवा डॉक्टरांपर्यंत पोचवायला तयार केलं होतं. ताण ऐकणं आणि रेशनकार्डाचा अर्ज भरून देणं, दोन्ही एकाच माणसाच्या कामात बसवलेलं होतं, हे मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

मुलाचं: त्याला सगळं कळतंय, फक्त तो बोलत नाही. वडील आजारी आहेत, उपचार चालू होतायत, हे त्याला तुमच्या तोंडून कळू दे. विम्याचं वाक्य त्याने ऐकलं असेल तर त्यावर त्याच्याशी वेगळं बोला. परीक्षेपर्यंत अभ्यासाला शेजारच्या अभ्यासिकेत पाठवा, घरातल्या ताणापासून तेवढे तास तरी तो लांब राहील.

आणि ताजा कलम म्हणून तुम्ही विचारलंय की सासूबाई रोज "यंदाच्या गणपतीला आपल्या घरात ना गं?" म्हणतात, आणि तुम्ही "हो" म्हणून वेळ मारून नेता, ते चालेल का? नाही चालणार. शहात्तर वर्षांची बाई आहे, लालबागमध्ये संप, दंगली, पूर, सगळं बघून बसलेली. तिला खोटं कळतं, आणि खोटं कळलं की ती तुम्हाला विचारणं बंद करेल, एकटीच विचार करत बसेल. "यंदा नाही, कधी ते अजून कुणी सांगत नाही, पण आम्ही कागद गोळा करतोय," असं सरळ सांगा. करारावर सही करायला मुलाने राजी केलं होतं तरी ती सही आपण आपल्या मनाने केली, हे मिस्टरांना ऐकवणारं दुसरं कुणी नाही, तेवढं सासूबाईंकडून म्हणवून घ्या. आणि पहिल्या बैठकीला त्यांना टॅक्सीने घेऊन जा. पैसे जातील, जाऊ देत.